जावा-जावांची वाकळ

चतुराबाईला रिकामं बसवत नसे आणि घरकामातून सवडही मिळत नसे. या दोन्हींच्या मधे जी फट उरायची, तिच्यात तिची वाकळ चालायची. भाकरी थापून झाल्या, कालवण चुलीवर रटरटतंय, तेवढ्यात चार टाके. गिरणीवर दळण टाकलं, ते आणायला जाईपर्यंत एक ओळ. कुणी आलं-गेलं की सुई कापडात खुपसून ठेवायची, चहा ठेवायचा, पाहुणा उठला की पुन्हा तिथूनच पुढं. एक वाकळ हातावेगळी व्हायला सहा महिने लागत, कधी वर्ष जाई. तिला त्याची घाई कधीच नव्हती. एक उतरली की दुसरी अंथरायची, हे मात्र ठरलेलं होतं.

ती पिशोरची सून. नवरा कडूबा शेती करत होता, पण बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली आणि दोघांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. तिथल्याच एका मुकादमाच्या ओळखीनं कडूबाला चिकलठाण्याच्या कारखान्यात मदतनिसाचं काम मिळालं. पुढच्या साली चतुराबाई कडेवरच्या लेकीला, गयाला घेऊन त्याच्या मागं औरंगाबादला आली. त्यांनी मुकुंदवाडीत जागा घेतली. तेव्हा ते निव्वळ खेडं होतं. मधे मोकळी रानं, आणि शहर म्हणजे तिकडं लांब, शहागंजाच्या घड्याळापाशी असं लोक धरून चालत. कडूबानं आधी एक खोली बांधली, वर पत्रे टाकले. काही वर्षांनी सिडकोची घरं उभी राहायला लागली, तसा धाकटा भाऊ सांडू गवंडीकामाला आला. त्याच भिंतीला भिंत लावून त्यानं आपली खोली उठवली. दोन घरं, एक पडवी, अंगण एकच आणि अंगणात एक कडुलिंबाचं झाड.

सांडूची बायको दगडाबाई. तिच्या आईची आधीची दोन लेकरं गेली होती, ही तरी दगडासारखी टिकावी म्हणून हे नाव. हाडापेरानं उंच, बोलायला कमी, आणि डावरी. सासरी आली तेव्हा डाव्या हातानं भाकरी थापते म्हणून सासूनं नाक मुरडलं होतं. पण तिनं शिवलेली ओळ पाहिली आणि सासू गप्प बसली. टाका बारीक, सरळ, फक्त कलता उलट्या अंगाला. चतुराबाईचे टाके उजवीकडं झुकत, दगडाबाईचे डावीकडं. त्यामुळं दोघी एकाच वाकळीवर बसल्या की कोणी काय शिवलं ते विचारावं लागत नसे.

आत्याबाई, म्हणजे त्यांची सासू, पिशोरलाच राहिली आणि पंच्याऐंशी साली तिथंच गेली. दिवस झाल्यावर तिच्या लुगड्यांचं गाठोडं दोघी घेऊन आल्या. वाटणी करायला बसल्या तर कापड विरलेलं. दोन वाकळी झाल्या असत्या, पण दोन्ही पातळ.

"एकच मोठी करू," चतुराबाई म्हणाली.

"कोणाच्या घरात राहील मग?" दगडाबाईनं विचारलं.

"आधी होऊ तर दे. राहील कुठं तरी."

लिंबाखाली अंगण सारवून त्यांनी लुगडी अंथरली. मधल्या थराला कडूबाची जुनी धोतरं, वरून आत्याबाईचं हिरवं इरकली लुगडं. कडांवर दगड ठेवून कापड ताणलं आणि लांब-लांब टाक्यांनी टाचून घेतलं. मग चतुराबाई उजव्या काठाशी बसली, दगडाबाई डाव्या. दोघी आपापल्या काठाकडून मधे यायच्या होत्या.

पुढचं वर्ष कोरडं गेलं, त्याच्या पुढचंही. मुकुंदवाडीच्या विहिरीला गाळ लागला. टँकर यायचा, पण तो कधी येईल याचा नेम नसायचा. बायका भांडी रांगेत मांडून घरी येत आणि हॉर्न ऐकला की धावत. त्या धावपळीतही वाकळ पुढं सरकत होती, कारण टँकरची वाट बघायची म्हणजे घर सोडून कुठं जाता येत नाही, आणि घरात बसायचं तर हाताला काही हवं.

त्या दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात गयाला बघायला फुलंब्रीकडचे पाहुणे येणार होते. चतुराबाईनं आदल्या दिवशीच तांब्याचा हंडा चिंचेनं घासून, गाळून भरला आणि वर फडकं बांधून पडवीत ठेवला. सकाळी ती रवा आणायला दुकानात गेली. परत आली तर फडकं खाली पडलेलं, हंडा आडवा. दगडाबाई मोरीशी बसून इंद्रजीतला, आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला, धूत होती. पोराला पहाटेपासून जुलाब लागले होते. दोन गोधड्या, तिची साडी, पोराचे कपडे, सगळं खराब झालेलं.

"हंड्यातलं पाणी?" चतुराबाईनं विचारलं.

"घेतलं अक्का. दुसरं नव्हतं. लेकरू बघा ना कसं झालंय."

"पाहुणे येऊ राहिले माह्या दारात! त्यांना काय पाजू आता?"

"शेजारून आणते मी."

"शेजारी काय विहीर हाय? सगळा हंडा? अर्धा ठेवता आला नाय तुला? पोरगं काय मरू राहिलं होतं का एवढं?"

शेवटचं वाक्य बाहेर पडलं तेव्हा पाहुण्यांची जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली होती. दगडाबाईनं वर पाहिलं, मग मुलाला कोरड्या धडप्यात गुंडाळलं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

पाण्यावाचून काही अडलं नाही. शेजारच्या घरातून कळशी आली, पाहुण्यांनी पाणी घेतलं, शिरा खाल्ला, मुलीला चार प्रश्न विचारले आणि गेले. आठवड्यानं निरोप आला की मुलगी ठेंगणी वाटली. इकडं इंद्रजीत त्याच संध्याकाळी घाटीच्या दवाखान्यात होता. डोळे आत गेलेले, हाताला सलाईन. कडूबा आणि सांडू आळीपाळीनं तिथं बसले. चतुराबाईनं डबा करून पाठवला. तो तसाच परत आला. पोरगं वाचलं, हाडांचा सापळा होऊन घरी आलं, आणि दोन्ही घरांतल्या बायकांचं बोलणं बंद झालं.

बंद म्हणजे अगदी बंद. भाऊ-भाऊ पूर्वीसारखेच सकाळी एका डबीतली तंबाखू मळत. पोरं ज्या घरात आधी भाकरी होईल तिथं जेवत. फक्त या दोघी एकमेकींच्या अंगावरून अशा जात, जणू मधे खांब आहे. चतुराबाईला आपण काय बोललो ते पुरतं ठाऊक होतं. आपलं चुकलं, हेही तिला पहिल्या रात्रीच कळलं होतं. पण दवाखान्यातून परत आलेला डबा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता, आणि त्याच्या आडोशाला तिला बरं वाटत होतं. आपण एक पाऊल टाकलं होतं, तिनं परत पाठवलं. आता तिचं तिनं बघावं.

वाकळ पडवीतल्या लाकडी पेटीवर घडी घालून पडली होती. दिवाळी गेली तरी तिला कुणी हात लावला नाही. चतुराबाईनं दुसरी लहानशी शिवायला घेतली होती, तिच्यात मन लागत नव्हतं.

मग एके दिवशी ती पाण्याच्या रांगेतून परत आली तर पेटीवरची घडी बदललेली दिसली. उघडून बघितलं. डाव्या काठाकडून तीन नव्या ओळी चढल्या होत्या. बारीक, सरळ, डावीकडं कललेल्या. चतुराबाईच्या कपाळावर शीर उठली. आपल्याला न विचारता? तिनं तिथल्या तिथं बसून तिसरी ओळ उसवून टाकली आणि दोरा तसाच लोंबता ठेवून वाकळ जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओळ पुन्हा तिथंच होती. त्याच भोकांतून शिवलेली, जणू उसवलीच नव्हती.

चतुराबाईनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग तिनं सुईत दोरा ओवला आणि आपल्या काठाकडून एक ओळ घातली. नंतर आणखी एक.

तिथून रीत पडून गेली. दगडाबाई आता सिडकोतल्या दोन बंगल्यांत धुणं-भांडी करायला जायची. ती सकाळी गेली की चतुराबाई वाकळ उघडे. दुपारी चतुराबाई गिरणीला, रेशनला, पाण्याला बाहेर पडली की दगडाबाई उघडे. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. दोरा संपला की रिकामी रीळ वाकळीच्या घडीत ठेवलेली असे. जिला आधी सवड होई ती शहागंजातून नवी आणे. एकदा दोघींनी लागोपाठच आणली. दुकानदार म्हातारा चतुराबाईला ओळखत होता. तो म्हणाला, "आपा, कल्लीच तुम्हारी देवरानी येइच धागा ले को गई. इत्ता क्या सी रहे तुम लोगां?"

"वाकळ," चतुराबाई म्हणाली.

"एक घर में दो-दो?"

"नाय. एकच हाय."

म्हाताऱ्यानं काही न कळून मान हलवली. तिनं तरीही रीळ घेतली. दोरा काही वाया जात नाही.

दोन्हीकडच्या ओळी मधे येत गेल्या आणि मग घोटाळा दिसायला लागला. वाकळ एका बाजूनं शिवत नेली तर जास्तीचं कापड पुढं-पुढं सरकतं आणि शेवटच्या काठाला कापून टाकता येतं. इथं दोघी समोरासमोरून येत होत्या. दोघींनी ढकललेलं सगळं सैल कापड मधे साचलं. हातभर रुंदीचा झोळ पडला, आणि त्याच्या पोटात धोतरांच्या घड्या उलटसुलट झाल्या. टाचलेले लांब टाके तर केव्हाच तुटले होते. चतुराबाईनं एकटीनं पाय रोवून, हातानं ओढून बघितलं. एका बाजूला ताणावं तर दुसऱ्या बाजूला चुण्या पडत. तिच्या लक्षात आलं की दगडाबाईनंही असंच करून बघितलं असणार, कारण झोळाच्या कडेला पाटा ठेवल्याची खूण होती.

चार-आठ दिवस कुणीच पुढं शिवलं नाही.

रविवारी दोघी घरात होत्या. पुरुष लग्नाला गेले होते. चतुराबाई उठली, वाकळ लिंबाखाली नेऊन अंथरली, आपल्या काठावर बसली आणि थांबली. दगडाबाई पडवीत तांदूळ निवडत होती. तिनं एकदा बघितलं, सूप खाली ठेवलं आणि येऊन आपल्या काठावर बसली.

"उसवावं लागंल," चतुराबाई कापडाकडं बघत म्हणाली.

"व्हय."

"तुह्या बाजूच्या किती?"

"सहा-सात. तुमच्या पण तेवढ्याच."

दोघींनी उसवलं. मग चतुराबाईनं काठ घट्ट धरला. "ओढ आता. तसं नाय, खालचं अस्तर धर आधी. हां."

"सोडू नका अक्का, घसरू राहिलं."

"धरलंय मी. ओढ तू."

झोळ निघायला ती दुपार गेली. दोघींचे पंजे दुखायला लागले. वरचं इरकली एका जागी फाटलं, त्यावर गयाच्या जुन्या परकराचं ठिगळ लावलं. पण कापड सपाट झालं. दोघींनी मिळून ते पुन्हा टाचलं आणि ठरवलं की आता एकाच दिशेनं जायचं, दोघींनी शेजारी-शेजारी बसून.

बोलणं सुरू झालं ते एवढ्यापुरतंच. सुई दे. दोरा तोड. इकडं ताण. बाकी घरातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल पुढचे काही महिने त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत, आणि कडूबाला हे मोठं नवल वाटे. "तुमचं भांडण मिटलं का नाय?" त्यानं एकदा विचारलं. "शिवायचं चाललंय," चतुराबाई म्हणाली.

मुख्य गोष्ट दगडाबाईनंच काढली. शेवटच्या काही ओळी राहिल्या होत्या. ती शिवता-शिवता मान वर न करता म्हणाली, "अक्का, माह्या आईची दोन लेकरं जुलाबानंच गेली. त्या दिवशी मला तेच दिसू राहिलं होतं. अन् तुम्ही तसं बोलल्या."

चतुराबाईनं सुई कापडात खुपसली. जे ती मनाशी शंभरदा घोळवून बसली होती, पाहुण्यांचं, हंड्याचं, परत आलेल्या डब्याचं, त्यातलं एकही तिच्या तोंडी आलं नाही.

"बोलली मी," ती म्हणाली. "लई वाईट बोलली."

"मी डबा परत धाडला."

"मी असती तर मी पण धाडला असता."

दगडाबाईनं दोरा दातानं तोडला आणि दुसरा ओवायला घेतला. एवढंच झालं. त्या संध्याकाळी तिच्या घरातून वाटीभर पिठलं आलं, आणि चतुराबाईनं वाटी रिकामी परत द्यायची नाही म्हणून तिच्यात गुळाचा खडा घातला.

अठ्ठ्याऐंशी साली पाऊस बरा झाला. वाकळ तयार झाली होती, पण इतकी जाड आणि जड की मुकुंदवाडीत ती धुवायला पुरेल एवढं पाणी कुणाच्याच घरी नव्हतं. नव्या वाकळीला तेलाचे, हातांचे, मातीचे डाग पडलेले असतात; धुतल्याशिवाय ती अंगावर घेत नाहीत. म्हणून दिवाळीनंतर दोघी एसटीनं ती पिशोरला घेऊन गेल्या. कंडक्टरनं गाठोडं टपावर टाकायला सांगितलं, दगडाबाईनं ते मांडीवर घेतलं आणि अर्धी वाकळ कंडक्टरच्या सीटवर पसरली. त्याची कुरकुर कन्नडच्या फाट्यापर्यंत चालली.

नदीला पाणी होतं. दोघी गुडघाभर पाण्यात उतरल्या. भिजल्यावर वाकळ अशी भारी झाली की प्रवाहानं ती ओढून न्यावी; दोघींनी दोन टोकं धरून तिला खडकावर घेतलं, आळीपाळीनं बडवलं, पिळायला उलट्या दिशांनी फिरल्या. दगडाबाई डावरी असल्यानं पीळ नेमका बसला. चतुराबाई हसली. किती दिवसांनी हसली हे तिला आठवेना.

वाकळ गयाच्या लग्नात गेली. तिला त्याच वर्षी सिल्लोडकडचं चांगलं स्थळ मिळालं, आणि आत्याबाईच्या लुगड्यांवर आता हक्क तिचाच, असं दगडाबाईनंच सगळ्यांसमोर सांगून टाकलं. चतुराबाईच्या मनात ती इंद्रजीतला द्यायची होती. तिनं तसं सुचवलंही. "त्याला पुढची करू," दगडाबाई म्हणाली. आणि पुढची केली. तिच्या पुढचीही. कडूबा निवृत्त झाला आणि एका हिवाळ्यात गेला, सांडू बांधकामाच्या माळ्यावरून पडून कमरेनं अधू झाला, मधे गल्लीचा रस्ता रुंद झाला तेव्हा अंगण निम्मं गेलं आणि लिंबही गेला. वाकळ अंथरायला जागा पुरेना, तर त्या पडवीत अर्धी दुमडून शिवू लागल्या. आजूबाजूला तीन-तीन मजले चढले. मुकुंदवाडीच्या चौकात इतकी वाहनं झाली की चतुराबाईला रस्ता ओलांडायला कुणाचा तरी हात धरावा लागे.

इंद्रजीत वाळूजच्या कंपनीत लागला. सांडू वारल्यावर त्यानं तिकडंच चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन गेला. निघताना दगडाबाईनं सुरू असलेली वाकळ चतुराबाईकडं ठेवली. पण महिन्याभरात चतुराबाईच ती पिशवीत कोंबून सिटी बसनं वाळूजला पोचली. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला. सून प्रेरणा म्हणाली, "मोठ्या आई, एवढ्या लांब वाकळ घेऊन? इथं मी मदत करते ना." चतुराबाई म्हणाली, "तू कर गं. पण हिच्यात तिचा काठ हाय."

फ्लॅटमधल्या गुळगुळीत फरशीवर वाकळ टिकत नव्हती. ताणलं की सबंध घसरत जाई. गच्चीला कुलूप असे. शेवटी दोघी खाली पार्किंगमधे बसायला लागल्या, खडबडीत सिमेंटवर, एका मोटारीच्या आणि दोन स्कूटींच्या मधल्या मोकळ्या जागेत. सोसायटीच्या सेक्रेटरीनं आधी हरकत घेतली. गाड्यांना अडचण होते म्हणाला.

"गाडी आली की उठतो आम्ही," दगडाबाई म्हणाली.

"आजी, पण हे बरं दिसत नाही."

"काय दिसत नाय?"

तो निघून गेला, आणि पुन्हा त्यानं हरकत घेतली नाही. ती दोन हजार सोळाची गोष्ट. पुन्हा दुष्काळाची सालं होती आणि त्या इमारतीलाही टँकर येत होता. गुरुवारी चतुराबाई यायची. दगडाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, त्यामुळं सुई चतुराबाई ओवून द्यायची आणि ओळ ती बोटानं चाचपून घालायची. वरच्या मजल्यावरच्या दोघी-तिघी जणी येऊन उभ्या राहत, कुणी आईची साडी घेऊन येई आणि विचारे, याची होईल का. दगडाबाई कापड चुरगाळून बघायची. नायलॉन असलं की परत द्यायची.

चतुराबाईची पंचाहत्तरी जवळ आली होती. तिला विचारलं की आतापर्यंत किती वाकळी केल्या, तर तिला सांगता यायचं नाही. ज्या दिल्या त्या गेल्या, ज्या वापरल्या त्या विरल्या, काही पावसात भिजून कुजल्या. सध्याची कोणती आहे आणि ती कुठवर आली आहे, एवढं ती सांगे.

"अक्का, माही ही ओळ सरळ हाय का?" दगडाबाईनं एका गुरुवारी विचारलं.

चतुराबाईनं वाकून बघितलं. "मधे वाकडी गेली."

"लई?"

"बोटभर."

"उसवू?"

"उसव. अजून ऊन हाय."

दगडाबाईनं टोकाचा टाका शोधून दोरा ओढायला सुरुवात केली. एक मोटार आत वळली, तशा दोघी आपापला काठ धरून उठल्या आणि भिंतीला सरकल्या.